केसांना एरंडेल : कशासाठी, किती आणि कसे

मागील अंकात हिवाळ्यातील केसांच्या निगेविषयी लिहिताना एरंडेल तेलाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी त्याच तेलाविषयी विचारले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची नावे वगळून, त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे. पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता. ताप उतरून दोन-अडीच महिने झाल्यावर केस पुंजक्यांनी गळू लागले आणि भांग रुंद दिसू लागला. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी रोज रात्री टाळूला एरंडेल चोळू लागले. आता गळणे बरेच कमी झाले आहे आणि कपाळाच्या कडेने बारीक नवे केसही दिसत आहेत. हा गुण एरंडेलाचा समजावा का? ते किती दिवस चालू ठेवावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कपाळाच्या कडेने नवे केस दिसू लागले, म्हणजे तुमची केसांची मुळे शाबूत आहेत आणि ती पुन्हा कामाला लागली आहेत. मात्र याचे श्रेय एरंडेलाला देता येणार नाही.

टाळूवरचा प्रत्येक केस आपापल्या चक्राने वाढतो. वाढीचा काळ साधारण २ ते ६ वर्षांचा असतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ येतो, मग सुमारे तीन महिने केस नुसता मुळात टिकून राहतो, आणि शेवटी तो गळून त्याच जागी नवा उगवतो. निरोगी माणसाच्या डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. उरलेल्यांपैकी रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. कडक ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा एकाएकी केलेली उपासमार यांमुळे शरीराला धक्का बसतो, तेव्हा वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात. ते लगेच गळत नाहीत. विश्रांतीचे दोन-तीन महिने संपल्यावर मात्र एकाच वेळी गळू लागतात. डेंग्यूनंतर तुमच्या बाबतीत हेच घडले. ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. कारण धक्का ओसरलेला असतो आणि मुळाला इजा झालेली नसते.

आता काळाचा हिशेब पाहा. गळती शिगेला पोहोचते तेव्हा माणूस घाबरून काहीतरी लावायला सुरुवात करतो आणि नेमक्या त्याच सुमारास गळती तिच्या स्वभावाने ओसरू लागते. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. त्या जागी कांद्याचा रस लावला असता तर श्रेय कांद्याला गेले असते. या योगायोगामुळेच घरोघरी एरंडेलाची ख्याती टिकून राहिली आहे, असे माझे मत आहे. काकूंनी तुम्हाला चांगल्या मनाने सांगितले आणि त्यांच्या अनुभवातही बहुधा असेच घडले असेल.

मग एरंडेल करते तरी काय? या तेलातील सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्ल या एकाच मेदाम्लाचा असतो. खोबरेल, तीळ, करडई यांपैकी कोणत्याही तेलात हे आम्ल असे मुख्य घटक म्हणून आढळत नाही. एरंडेलाचा दाटपणा आणि चिकटपणा त्यामुळेच येतो. टाळूबाहेर दिसणारा केस ही केराटिन नावाच्या प्रथिनाची निर्जीव तंतुरचना असते. तिच्यावर एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. एरंडेलाचा पातळ थर या खवल्यांवर बसतो, ते दबलेले राहतात, प्रकाश सरळ परावर्तित होऊन केस चमकदार दिसतो आणि विंचरताना घर्षण कमी झाल्यामुळे टोके कमी तुटतात. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. त्यातले तुटणे थांबले तर वर्षभरात लांबी वाढल्यासारखी दिसते, आणि ‘एरंडेलाने केस वाढले’ असा समज होतो. उगवण्याचा वेग मात्र होता तेवढाच राहतो. खोबरेल, एरंडेल आणि अर्गन या तीन तेलांवरील उपलब्ध अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एरंडेलामुळे केसांची चमक वाढत असल्याचा दुबळा पुरावा आहे, केस उगवत असल्याचा सबळ पुरावा नाही, असाच त्याचा निष्कर्ष आहे.

तेव्हा रोज रात्री टाळूला चोळणे आता बंद करावे. आठवड्यातून एकदा, पुढील उत्तरात दिलेल्या रीतीने, केसांच्या लांबीला लावले तरी पुरे. आहारात डाळी, उसळी, अंडी किंवा दूध-दही यांतून प्रथिने पुरेशी जात आहेत ना, हे पाहावे. गळती सहा महिन्यांपुढेही चालू राहिली, तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांमध्ये लोहाचा साठा कमी असणे हे केस गळण्याचे नेहमी आढळणारे कारण आहे, आणि ती कमतरता बाहेरून लावलेल्या कोणत्याही तेलाने भरून निघत नाही.

प्रश्न : मी वसतिगृहात राहते. माझे केस कमरेपर्यंत आहेत. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी रात्रभर नुसते एरंडेल लावून ठेवले. सकाळी सगळे केस डोक्यावर घेऊन शाम्पूने खसखसून चोळले, तर त्यांचा असा घट्ट गोळा झाला की फणी आत शिरेना. मैत्रिणींनी दोन दिवस बसून तो सोडवला, तरीही मागची एक बट कापावी लागली. माझे काय चुकले? एरंडेल पुन्हा लावावे की नाही? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुम्हाला जे सोसावे लागले, त्याची नोंद वैद्यकीय साहित्यातही आहे. २०१७ मध्ये केसांच्या विकारांना वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात भारतातील एका २० वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध झाली. एरंडेल लावून न्हाल्यानंतर तिच्या लांब केसांचा दगडासारखा कठीण गोळा झाला आणि तो कापून काढण्यावाचून इलाज उरला नाही. असे क्वचितच घडते. पण ज्यांचे केस लांब आहेत, त्यांनी हा धोका ओळखूनच हे तेल हाताळावे.

नुसते एरंडेल इतके चिकट असते की शेजारशेजारचे केस त्याने एकमेकांना धरून ठेवतात. केस ओले झाले की खवले किंचित उघडतात. त्याच अवस्थेत केस डोक्यावर गोळा करून गोल गोल चोळले, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेले खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा बनावा तसा केसांचा गोळा बनतो. तुमच्या हातून तीन गोष्टी एकदम घडल्या : तेल निर्भेळ होते, ते फार होते, आणि केस चुकीच्या रीतीने चोळले गेले.

एरंडेल कायमचे सोडण्याची गरज नाही, परंतु ते कधीही एकटे लावू नये. एक चमचा एरंडेलात तीन चमचे खोबरेल मिसळावे. खोबरेल निवडण्यामागे कारण आहे. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात. धुण्या-विंचरण्यात केसांतील प्रथिनांची जी झीज होते, ती खोबरेलाने कमी होते आणि सूर्यफूल तेलाने किंवा खनिज तेलाने होत नाही, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोगांती दाखवले. (हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. प्रयोगाची रीत मात्र स्पष्ट आणि तपासता येण्याजोगी आहे.) म्हणजे खोबरेल आतून सांभाळते आणि एरंडेल बाहेरून थर देते. थंडीत खोबरेल गोठले, तर तेलाची वाटी कढत पाण्यात ठेवून मिश्रण कोमट करावे. तेल थेट गॅसवर तापवू नये.

तेल लावण्याआधी कोरड्या केसांतील गुंता रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर वर येत, पूर्णपणे काढावा. केसांचे चार भाग करावेत. तळहातावर थोडेसेच तेल घेऊन दोन्ही तळवे एकमेकांवर घासावेत, आणि तळव्यांवर जो ओशटपणा राहील तेवढाच कानाच्या पातळीपासून टोकांपर्यंत, वरून खाली, एकाच दिशेने फिरवावा. तुमच्या लांबीच्या केसांना एका वेळी दोन ते तीन लहान चमचे मिश्रण पुरते. तेल निथळेल इतके लावले म्हणून अधिक लाभ होत नाही, ते काढण्याचा त्रास तेवढा वाढतो. मग सैल वेणी घालून एक-दोन तास थांबावे. रात्रभर ठेवण्याने काही विशेष साधत नाही, उशीचा अभ्रा मात्र तेलकट होतो आणि त्या तेलाने कपाळावर पुटकुळ्या येतात.

न्हाताना घेण्याची काळजी यापेक्षाही महत्त्वाची आहे. केस ओले करण्यापूर्वीच, तेल लावलेल्या कोरड्या केसांवर, कंडिशनर किंवा थोड्या पाण्यात सैल केलेला शाम्पू हलक्या हाताने वरून खाली लावून दोन-तीन मिनिटे ठेवावा. त्यामुळे तेल सुटे होते. नंतर उभे राहून कोमट पाणी डोक्यावरून खाली सोडावे. दुसऱ्यांदा शाम्पू लावावा लागला, तर तो फक्त टाळूवर बोटांच्या अग्रांनी लावावा. लांबीला उतरणारा फेस पुरेसा असतो. केस डोक्यावर गोळा करू नयेत. टॉवेलने खसखसून न पुसता ते दाबून टिपावेत. शिकेकाईने एरंडेलाचा दाट थर नीट निघत नाही. शिकेकाईच वापरायची असेल, तर मिश्रणातले एरंडेल आणखी कमी करावे.

पुन्हा कधी गुंता बसल्यासारखा वाटला तर ताबडतोब पाणी थांबवावे. त्या भागावर भरपूर कंडिशनर लावून, टोकाकडचे थोडे थोडे केस बोटांनी सुटे करावेत आणि मुळाकडे हळूहळू सरकावे. ओढाताण केली की गाठ अधिकच आवळते.

प्रश्न १ : आम्ही दरवर्षी गव्हाला आणि तूरडाळीला चोळण्यासाठी किराणा दुकानातून सुटे एरंडेल आणतो. तेच केसांना चालेल का? एरंडीच्या बियांत विष असते असे ऐकले. ते तेलात उतरते का? – एक गृहिणी, लातूर

प्रश्न २ : इकडे ‘जमैकन ब्लॅक कॅस्टर ऑइल’ फार महाग मिळते. आपल्याकडच्या तेलापेक्षा ते खरोखर गुणकारी आहे का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : धान्याला चोळण्यासाठी आणलेले तेल वाईटच असते असे नाही; अडचण एवढीच की सुट्या तेलाचा दर्जा आपल्याला कळत नाही. एरंडेलाचा फार मोठा भाग रंग, वंगण, साबण आणि इतर उद्योगांसाठी तयार होतो. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि त्यातही सिंहाचा वाटा गुजरातचा आहे. एकाच गिरणीतून उद्योगांसाठीचे आणि औषधी असे दोन्ही दर्जांचे तेल बाहेर पडू शकते. म्हणून केसांसाठी सीलबंद बाटली घ्यावी. तिच्यावर भारतीय औषधकोशाचा निर्देश, म्हणजे ‘आय. पी.’ ही अक्षरे, किंवा थंड पद्धतीने काढल्याचा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख असावी. चांगले एरंडेल फिकट पिवळसर आणि पारदर्शक असते, त्याला अगदी सौम्य वास येतो. आंबूस किंवा उग्र वासाचे तेल टाकून द्यावे. उघडलेली बाटली घट्ट झाकून, उन्हापासून दूर ठेवावी.

विषाची शंका रास्त आहे. एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचे अत्यंत घातक प्रथिन असते. परंतु ते तेलात विरघळत नाही, बी गाळल्यावर पेंडीत राहते, आणि उष्णतेने निष्प्रभ होते. त्यामुळे नीट काढलेल्या आणि शुद्ध केलेल्या तेलात ते नसते. धोका बियांचा आणि पेंडीचा आहे. ज्यांच्या बांधावर एरंड आहे, त्यांनी लहान मुले त्या चट्ट्यापट्ट्यांच्या देखण्या बिया तोंडात घालणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि पेंड जनावरांपुढे टाकू नये.

काळ्या तेलाविषयी : जमैकात एरंडी आधी भाजतात, मग कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेले तेल काढून घेतात. भाजण्यामुळे आणि राखेच्या अंशामुळे त्याला काळपट रंग आणि धुरकट वास येतो. भाजून, कुटून, उकळून एरंडेल काढण्याची रीत आपल्या खेड्यांतही होतीच. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या लोकांबरोबर हे ज्ञान कॅरिबियन बेटांवर गेले आणि तेथे त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यांचे केस घट्ट कुरळे असतात. टाळूचे नैसर्गिक तेल त्या वळणांवरून टोकांपर्यंत पोहोचत नाही, केस कोरडे पडून तुटतात, आणि म्हणून ओलावा आत कोंडून ठेवणारे दाट तेल त्यांना फार उपयोगी पडते. ज्यांचे केस सरळ किंवा किंचित लहरी आहेत, त्यांना तोच दाटपणा जड होतो. रिसिनोलेइक आम्ल दोन्ही तेलांत सारखेच असते. तुमचे केस कुरळे आणि कोरडे असतील तर कोणतेही चांगले एरंडेल वापरून पाहा. केवळ रंगासाठी जादा पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : वय २७. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकत आहेत. वडिलांनाही याच वयात टक्कल पडू लागले होते. एरंडेलाने ते थांबेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : थांबणार नाही. हे टक्कल आनुवंशिक असून त्यात संप्रेरकांच्या परिणामाने केसांची मुळेच हळूहळू बारीक होत जातात. टक्कल पडलेल्या टाळूत प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे द्रव्य अधिक असल्याचे २०१२ मध्ये आढळले. रिसिनोलेइक आम्ल त्याला अटकाव करू शकेल, असे संगणकाच्या साहाय्याने केलेले एक अनुमान आहे, आणि जाहिराती त्याचाच आधार घेतात. अनुमान आणि माणसाच्या डोक्यावर आलेला गुण यांत फार मोठे अंतर आहे. या विकारावर मिनॉक्सिडिलसारखी सिद्ध झालेली औषधे आहेत. ती जितक्या लवकर, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सुरू होतील तितके अधिक केस वाचतात. एरंडेलावर वर्ष-दोन वर्षे घालवलीत तर तोटा तेलाच्या पैशांचा नसून त्या काळात गेलेल्या केसांचा होईल.

प्रश्न : डोक्यात कोंडा आहे आणि टाळू कोरडी वाटते. एरंडेल लावावे का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : लावू नये. कोंडा हा बहुधा कोरडेपणाचा विकार नसतो. टाळूवर राहणारी मॅलॅसेझिया ही बुरशी तेथील स्निग्धांशावरच पोसते, त्यामुळे तेल चोळले की खपल्या काही वेळ दबतात आणि नंतर वाढतात. केटोकोनॅझोलयुक्त शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, दर वेळी तीन ते पाच मिनिटे टाळूवर ठेवून धुवावा. कोंडा पूर्ण गेल्यावर तेल लावायचेच असेल तर ते केसांच्या लांबीपुरतेच ठेवावे. ज्यांनी एरंडेल यापूर्वी कधी लावलेले नाही, त्यांनी एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. या तेलाची ॲलर्जी क्वचित आढळते, पण आढळते.

प्रश्न : मला नातू झाला आहे. आमच्याकडे बाळाची टाळू एरंडेलाने भरण्याची, भुवयांवर तेच तेल फिरवण्याची, एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरण्याची आणि पोट साफ राहावे म्हणून थोडे पाजण्याचीही पद्धत होती. सूनबाईंना डॉक्टरांनी यातले बरेच काही नको म्हणून सांगितले आहे. मला वाईट वाटते. यातले काय ठेवावे? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुमचे वाईट वाटणे मी समजू शकते. ज्या मायेने तुमच्या हातांनी मुले वाढवली, तीच माया या पद्धतींत आहे. पण काही बाबतींत डॉक्टरांचे ऐकावे असे मी आग्रहाने सांगेन.

टाळू म्हणजे कवटीची हाडे अद्याप जुळली नाहीत ती जागा. समोरची टाळू बहुधा वर्ष-दीड वर्षात आपोआप भरते. तेल मेंदूपर्यंत जात नाही आणि टाळू लवकर भरण्यास मदतही करत नाही. तेव्हा ‘भरण्या’इतके तेल नको. अंघोळीपूर्वी खोबरेलाचे चार थेंब हलक्या हाताने डोक्यावरून फिरवावेत आणि अंघोळीत धुऊन टाकावेत. डोक्यावर पिवळट खपल्या धरल्या असतील तर अशाच तेलाने त्या मऊ करून धुवाव्यात. नखाने काढू नयेत. बाळाला एरंडेल नको, कारण ते दाट आणि चिकट असल्याने नाजूक त्वचेवरून निघत नाही, आणि ते काढण्यासाठी जास्त घासावे लागते. भुवया जाड-बारीक होणे आनुवंशिक आहे, तेलाने त्यात फरक पडत नाही.

पाजणे तर पूर्णपणे बंद. एरंडेल पोटात गेल्यावर त्यातील रिसिनोलेइक आम्ल मोकळे होऊन आतड्यांना जोराने आकुंचन पावायला लावते, आणि तान्ह्या बाळाच्या अंगातले पाणी त्याने झपाट्याने कमी होऊ शकते. गर्भाशयावरही त्याचा असाच परिणाम होतो, म्हणून गरोदर स्त्रियांनीसुद्धा ते मनाने घेऊ नये. नाकात आणि कानात कोणतेही तेल घालू नये.

राहिले काजळ. ते डोळ्यांत नको, मग ते घरी धरलेले असो वा विकतचे. काजळीचे कण आणि बोटावरचे जंतू डोळ्यात जातात, अश्रूंची बारीक वाट बुजू शकते, आणि विकतच्या काजळात शिसेही आढळले आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती बाळाचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कानामागे किंवा तळपायाला, अगदी बारीक लावावी आणि अंघोळीच्या वेळी पुसून टाकावी.